काकवीसारखी लागणारी स्ट्राँग एल: बिघडलीय की मलाच कळत नाहीये?

खाडीकाठचा:
मंडळी, बिअरमधलं मला फार कळत नाही हे आधीच सांगून टाकतो, आत्तापर्यंत थंडगार लागर आणि मे महिन्यात कुणी दिलं तर उराक (काजूच्या बोंडांची दारू), एवढीच आपली धाव. शिमग्याला मेव्हणा एडिंबराहून आला, त्याने दोन बाटल्या आणल्या (विमानतळावर माणशी दोन लिटर चालतं, त्यात बसवून). अर्ध्या लिटरच्या, लेबलावर स्कॉच एल (एल म्हणजे लागरसारखीच बिअरची एक वेगळी जात), ८ टक्के अल्कोहोल. ब्रुअरीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण चूक त्यांची की माझी तेच ठरवायचंय.

तर बाटल्या ठेवल्या माळ्यावर, नीट कागदात गुंडाळून, आणि विसरलो. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, लाईट गेली, आली, बांगडे तळलेले होते, म्हटलं आज मुहूर्त आहे. एक बाटली सकाळपासून फ्रीजच्या अगदी वरच्या खणात होती, बर्फगार. ओतली. फेस आला पण दोन घोटांत गायब, ग्लासाला बाहेरून एवढा घाम की रंग धड दिसेना. पहिला घोट... काहीच नाही हो. पातळ, जरा कडवट, आणि मागून डेटॉलसारखा एक वास. मी म्हटलं ही असली मोठी स्कॉटिश बिअर?

पण मग गप्पा लागल्या, ग्लास तसाच राहिला, तासाभराने उरलेली प्यायलो तर वेगळीच बिअर. काकवी! म्हणजे अगदी गुऱ्हाळातून आणलेली काकवी पाण्यात ढवळून दिल्यासारखी, ओठ चिकट, घशात गरम. शेवटी शेवटी जुन्या वहीचा, पावसाळ्यात कपाट उघडल्यावर येतो तसा वास पण वाटला, आता तो कपाटाचाच असेल तर माहीत नाही.

प्रश्न असा की यातली खरी चव कुठली, सुरुवातीची की शेवटची? ही बिघडलेली होती का अशीच असते? आणि मुळात असली जड, माल्टवाली एल चांगली की वाईट हे ठरवतात कसं? दुसरी बाटली आहे अजून, ती आता खालच्या खणात ठेवलीय, घाई करणार नाही.

बिनबोटीचा नाखवा:
अरे मेल्या, तळलेल्या बांगड्यावांगडा असली गोड बियर कोण पिता? बांगड्यावांगडा सोलकढी नायतर साधी थंड बियर. आणि तुझो फेस गेलो तो बांगड्याच्या तेलान. ओठाचा तेल ग्लासाक लागला की फेस बसता, माका ह्या बारवाल्यान सांगितलेला. बाकीचा शाणी माणसा सांगतीत.

सातूवाली:
नाखवा, फेसाचं अगदी बरोबर, तेलातुपाने फेस मोडतो, आणि भांड्याच्या साबणाचा पातळ थर राहिला तरी मोडतो. शिवाय ८ टक्क्यांच्या एलचा फेस तसाही फार टिकत नाही, त्यामुळे त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मी मूळची चिपळूणची, आता पुण्यात, बिअर चाखायचं थोडं रीतसर शिकलेय म्हणून जरा लांबण लावते.

खाडीकाठचा, तुमची सुरुवातीची चव पण खोटी आणि शेवटची पण खोटी. चार-पाच अंशांवर जीभ बधिर होते, वास वर येत नाही, माल्ट झोपलेला असतो आणि उरतो तो गॅसचा चावा आणि कडवटपणा. म्हणून "काहीच नाही" वाटलं. आणि तासाभराने ती खोलीइतकी, म्हणजे तुमच्याकडे जूनमध्ये २८-२९ अंशांना आली, गॅस गेला, आता गोडवा आणि अल्कोहोल दोन्ही उघडे पडले, त्यांना धरून ठेवायला कुणी नाही. ही बिअर १० ते १३ अंशांच्या मधे कुठेतरी बोलते. पुस्तकात लिहितात फ्रीजमधून काढून अर्धा तास थांबा, ते थंड देशातलं गणित आहे. कोकणात ग्लासात ओतून पंधरा मिनिटं पुरतात, ग्लास दोन्ही तळव्यांत धरला तर त्याहून कमी. आणि ग्लास वाइनचा घ्या, तोंडाशी निमुळता, अर्ध्याहून कमी भरा. घाम पुसा आणि मग उजेडात धरा. काळी नसते ही, तांबूस तपकिरी असते, चांगली असेल तर कडेला कोकमाच्या आगळासारखी लाल झाक दिसते आणि आरपार स्वच्छ असते.

आता माल्ट. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करतात ना, नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, त्या भाजण्याच्या वेळी घरभर जो वास सुटतो तोच माल्टचा वास, फक्त नाचणीच्या जागी जव. मोड आल्यावर दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात, यीस्टला खायला ती साखर. जव किती आणि कसं भाजलं यावर बिस्किटापासून टॉफी, खजूर, काळ्या मनुकांपर्यंत सगळं येतं. तुम्हाला काकवी आठवली हा काही दोष नाही, या जातीला, जिला ते "वी हेवी" पण म्हणतात, तिला करपायच्या किंचित आधीच्या साखरेची चव शोभते. दोष कधी? घोट गिळल्यावर दहा सेकंदांनी गोडवा जर जिभेवरून उतरतच नसेल, टाळूला पाकासारखा चिकटून बसला असेल, तर. माल्टचा वास भरपूर आणि शेवट त्यामानाने कोरडा, हे जमलं तर ब्रुअर पास. माझ्या मते असल्या एलची पहिली परीक्षा हीच, बाकी सगळं नंतर. वास गोड असणं आणि चव गोड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व्हॅनिलाचं बघा, वास गोड, चाखलं तर कडू.

डेटॉलचं मात्र खटकतंय. धुरकट, व्हिस्कीसारखा वास होता का औषधी, बँडेजसारखा? धुरकट असेल तर काही ब्रुअर हौसेने पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावरचा माल्ट घालतात, लोकांना वाटतं स्कॉटिश म्हणजे धूर हवाच, खरं तर या जातीच्या नियमांत तो बसत नाही. औषधी असेल तर क्लोरीन किंवा जंगली यीस्ट. आणि एक विचारते, ग्लास कशाने धुतला होता?

खाडीकाठचा:
ताई, धुरकट नाही, औषधीच. आणि ग्लास... आमच्या विहिरीच्या पाण्याने, विसळून ओलाच घेतला होता. आता तुम्ही विचारल्यावर पेटतंय, पहिल्या पावसानंतर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, त्याच आठवड्यात टाकलं होतं. चहाला पण वास येत होता, बायको बोलली पण होती. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पत्र्याखालचा:
टीसीएलचं नंतर बघू, मला माळ्याचं बोलायचंय. कौलं की पत्रा?

पत्रा असेल तर मार्च ते जून तीन महिने त्या बाटल्या भाजल्यात. आमच्या माळ्यावर मे महिन्यात दुपारी हात टेकवत नाही, मागे मेणबत्त्यांचं पुडकं ठेवलं होतं ते एकमेकांना चिकटून एक झालं. बिअरमध्ये भरताना थोडा तरी ऑक्सिजन राहतोच, तो मग सावकाश आपलं काम करतो, आणि ढोबळमानाने दर दहा अंशांना हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे स्कॉटलंडच्या तळघरात १२ अंशांवर जे व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतील ते आपल्या माळ्यावर एका उन्हाळ्यात. तुम्ही जुन्या वहीचा वास म्हणताय ना, तो कपाटाचा नसणार. ओला पुठ्ठा, जुना कागद, ही ऑक्सिडेशनची सगळ्यात ओळखीची खूण.

पण इथे एक गंमत आहे, सगळं ऑक्सिडेशन वाईट नसतं. असल्या जड एल लोक मुद्दाम वर्षानुवर्षं मुरवतात, त्यात शेरी, पोर्ट, सुक्या अंजिरासारखी चव येते आणि बार्लीवाइन किंवा ओल्ड एल या दुसऱ्या जड जातींमध्ये ती चक्क मिरवतात. वी हेवीमध्ये थोडी चालते. लोणचं मुरणं आणि लोणचं उतरणं यात जेवढा फरक तेवढाच. वास मनुका-अंजिराच्या बाजूला गेला तर मुरली, पुठ्ठ्याच्या बाजूला गेली तर उतरली. दोन्ही एकाच बाटलीत असू शकतं, तेव्हा मात्र भांडणं होतात.

आणि उजेड. बाटली हिरवी किंवा पांढरी असेल तर उन्हाने हॉप्समधलं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधलं) द्रव्य फुटून मुंगसाने पादल्यासारखा वास येतो, (माफ करा, पण इंग्रजीत पण असल्याच एका प्राण्याचं नाव देतात त्याला). तुमची कागदात होती, बाटली तपकिरी असेल तर ते सुटलं.

फक्त किक:
एवढं काय त्यात. ८ टक्के आहे ना, मग आपल्या वाइन शॉपातल्या स्ट्राँगमध्ये आणि ह्यात फरक काय, ती दीडशे-दोनशेत येते. मार्क काय देताय बिअरला, शाळा आहे का 😄

सातूवाली:
फरक आहे ना भाऊ. आपल्याकडे ५ च्या वर आणि ८ पर्यंत असली की स्ट्राँग म्हणायचं असं अन्नसुरक्षेच्या नियमात आहे, त्यात फक्त अल्कोहोल मोजलंय. बऱ्याच स्ट्राँग लागरमध्ये जवाबरोबर तांदूळ, मका नाहीतर साखर घालतात, ते यीस्ट सगळं खाऊन टाकतं, अल्कोहोल होतं आणि मागे अंग असं काही राहत नाही, म्हणून ती बर्फगार प्यावी लागते, गरम झाली की स्पिरिट वर येतं. वी हेवीत तेवढंच अल्कोहोल जवाच्या घट्ट काढ्यातून येतं, खूप वेळ उकळून आटवलेल्या, मागे न आंबलेला माल्ट राहतो, त्याच्यामागे अल्कोहोल लपतं. ८ टक्के असून पिताना साडेपाच वाटली तर ती चांगली. पिताना नाकात झणका बसला, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा, तर आंबवताना यीस्टला उकडलंय. तुमची "किक" ही इथे मार्क कापायची जागा आहे.

आणि मार्कांबद्दल. स्पर्धांमध्ये जो तक्ता सगळ्यात जास्त चालतो त्यात ५० मार्क असतात, वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या अंगाला ५, एकूण मत १०. बघा, दिसण्याला फक्त ३! फेस, रंग, पारदर्शकता सगळं मिळून तीन मार्कांत, आणि आपण फोटो काढण्यात पहिला अर्धा तास घालवतो, तोवर वास उडून जातो. वास आधी घ्यायचा, ओतल्या ओतल्या, कारण तोच सगळ्यात आधी पळतो.

मार्क द्यायचा फायदा एकच, "मला आवडली नाही" आणि "वाईट आहे" या दोन गोष्टी वेगळ्या कागदावर लिहाव्या लागतात. मला स्वतःला वी हेवी अर्ध्या ग्लासाच्या पुढे जात नाही, पण स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअर हाऊसची हाऊस एल (जुन्या वाड्यातली ब्रुअरी, १९६५ मध्ये परत सुरू केलेली, अजून ओकच्या पिंपांत आंबवतात, ७.२ टक्के) मी प्यायलेय आणि तिला ४० च्या खाली मार्क देणं मला जमणार नाही. आवडनिवड घरी ठेवायची.

आणि चाखायच्या आधी सोलकढी नको बाई, लसूण आणि कोकम दोन्ही जिभेवर ठाण मांडतात. मालवणी मटण पण नको, तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात. साधे कुरमुरे आणि पाणी. चाखून झाल्यावर भाजलेले काजू घ्या, किंवा घरात तवसाचं धोंडस (काकडीचा गोड केक) असेल तर त्याचा एक तुकडा, मग मला सांगा.

गुहागर ते ऑकलंड:
इथे घरी बिअर करायला परवानगी आहे म्हणून सांगतो (तिकडे परवान्याशिवाय करू नका, उगाच लफडी). गोडवा किती उरलाय हे जिभेवर सोडायची गरज नाही, मोजता येतं. आम्ही हायड्रोमीटर टाकतो. तुमच्याकडे नसेल पण गावच्या डेअरीत लॅक्टोमीटर असतो, तत्त्व तेच, घनता. लॅक्टोमीटरवर २२ म्हणजे १.०२२. या जातीची आंबून झाल्यावरची घनता १.०१८ ते १.०४० च्या मधे असते, म्हणजे नेमकी दुधाच्याच पट्ट्यात, नशीब बघा. फक्त आधी दोन भांड्यांत खालीवर ओतून सगळा गॅस काढा, बुडबुडे दांडीला चिकटले की ती वर उचलली जाते आणि आकडा जास्त येतो. आणि दांडीवर किती अंशांचं माप छापलंय ते बघा, २० अंशांचं असेल आणि बिअर ३० ची झाली असेल तर दोन-अडीच आकडे कमी दाखवेल.

सुरुवातीची घनता पण उलटी काढता येते. सुरुवात वजा शेवट गुणिले १३१.२५ म्हणजे अल्कोहोल टक्के. तुमचे ८ टक्के, म्हणजे फरक ०.०६१. शेवट मोजलात की सुरुवात कळली.

पत्र्याखालचा:
लॅक्टोमीटर 😂 उद्या डेअरीवाला विचारेल दुधात काय टाकलंत.

खाडीकाठचा:
झाली दुसरी बाटली. जरा उशीर झाला कारण पाहुणे, मग पालखी, मग मलाच सर्दी, आणि सर्दीत उघडायची नाही एवढी अक्कल आता आलीय.

(आणि हो, पत्राच. मेणबत्त्यांचं वाचून माळ्यावर जाऊन बघितलं, आमच्या पण चिकटल्यात.)

ग्लास मेव्हणीच्या लग्नात मिळालेला वाइनचा, सेटमधला एक उरलाय, आणलेल्या बाटलीच्या पाण्याने धुतला, कोरडा केला. सोबत शेजारचे तात्या. तात्या पूर्वी माडांवर चढून माडी काढायचे, आता गुडघे गेले, पण मडक्याला नाक लावून माडी सकाळची की दुपारची ते सांगायचे, म्हटलं यांच्याइतकं नाक कुणाचं. त्यांना काय आहे ते सांगितलं नाही.

ओतल्या ओतल्या वास: डेटॉल नाही. अजिबात नाही. म्हणजे ते टीसीएलच होतं, ब्रुअरीची माफी मागायला हवी. बिस्किट, टॉफी, आणि थोड्या वेळाने भिजवलेल्या काळ्या मनुका, हे सुचवल्यावर सुचलं असेल पण आलं खरं. रंग घाम पुसल्यावर दिसला, आगळ अगदी फिट, मी मुद्दाम बाटलीतलं आगळ शेजारी धरून बघितलं.

बारा-तेरा मिनिटांनी प्यायलो. ताई, हीच ती बिअर यावर विश्वास बसेना. पहिल्या वेळी जी पातळ वाटली ती चक्क जाड, रवाळ नाही पण तोंडभर. गोड सुरू होते आणि गिळल्यावर दहा सेकंद मोजले, सातव्या-आठव्याला गोडवा उतरला, मागे भाजल्यासारखं काहीतरी राहिलं. ८ टक्के कळले ते उठताना. तात्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गूळ करपायच्या आदी कुणीतरी काहील उतरवल्यान." नंतर परत वास घेतला आणि म्हणाले "पण ह्यो माल दिवस झालेलो आसा." मी काहीच बोललो नव्हतो माळ्याचं!

म्हणजे पुठ्ठा आहे. दुसऱ्यांदा नीट शोधल्यावर मला पण मिळाला, ग्लास अर्धा झाल्यावर, मनुकांच्या मागे. पत्र्याखालचे साहेब, दोन्ही एकाच बाटलीत आहे, करा भांडणं.

लॅक्टोमीटर पण आणला. डेअरीवाल्याने काही विचारलं नाही पण बघत राहिला. दोनशे मिली गॅस काढून टाकली तर २६. दांडीवर २७ अंश लिहिलंय आणि बिअर तेवढीच होती, म्हणजे १.०२६, सुरुवात आली १.०८७. ती सपाट झालेली दोनशे मिली तात्यांनी संपवली, म्हणाले गॅसपेक्षा अशीच बरी.

आता मार्क, हसू नका. वास ८ (पुठ्ठ्याचे कापले), दिसणं ३, चव १५, तोंडात ४, एकूण ७. बेरीज ३७. बरोबर आहे का? आणि पुठ्ठ्याचे मार्क ब्रुअरीचे कापायचे की माझ्या माळ्याचे?

सातूवाली:
कापायचे बिअरचेच, परीक्षकाला माळा माहीत नसतो. पण ३७ जरा हात सैल सोडून दिलेत, पुठ्ठा चवीत पण असेल तर मी १३ दिले असते, म्हणजे ३५. ३० ते ३७ हा एकच गट आहे, "खूप चांगली", त्यामुळे वाद घालत नाही. तात्यांना पुण्यात पाठवा, एका स्पर्धेला आम्हाला नाक कमी पडतंय.

बिनबोटीचा नाखवा:
आणि बांगडे?

खाडीकाठचा:
बांगडे दुसऱ्या दिवशी केले. धोंडस होतं घरात, ते चाललं. काजू त्याहून.